तीन पडदे, एक कीबोर्ड

अक्काला जाऊन वर्ष होत आलं. तिच्याबद्दल काही लिहून ठेव, असं घरची मंडळी म्हणाली तेव्हा मी फारसा उत्सुक नव्हतो. आजारपण लिहावं लागेल असं वाटलं. पण कागद पुढे घेतला की आजारपण आठवतच नाही. आठवते ती जळगावच्या पिंप्राळ्यातल्या तिच्या घराची पुढची खोली, खोलीतले तीन कॉम्प्युटर, आणि त्यांच्या मधोमध फिरत्या खुर्चीत बसलेली अक्का. मी हळू लिहितो. एखाद्या दिवशी अर्धं पान होतं, एखाद्या दिवशी नुसतंच आठवत बसतो. त्याचंही वाईट वाटत नाही.

अक्का माझ्याहून मोठी आणि नानांहून धाकटी. नाना आमचे थोरले भाऊ. ते आणि मी धुळ्याला, अक्का एकटी जळगावला. तिनं लग्न केलं नाही. तरुणपणी ती एका छापखान्यात खिळे जुळवायची. शिशाची उलटी अक्षरं एकेक उचलून ओळ भरायची, उभ्यानं, दिवसभर. खिळ्यांचे दिवस सरले तसा तो छापखानाही बंद झाला. मग तिनं राहत्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीचं काम सुरू केलं. नव्वदीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. जळगावात अशी दुकानं नुकतीच निघायला लागली होती आणि लोक कॉम्प्युटर पाहायला म्हणून सुद्धा आत डोकवायचे.

तिच्याकडे मुख्यतः पत्रिका यायच्या. लग्नाच्या, साखरपुड्याच्या, वास्तुशांतीच्या. आणि गंधमुक्तीच्या. गंधमुक्ती म्हणजे आमच्या खान्देशात मयताच्या दिवसांचा शेवटचा विधी. त्याचं बोलावणं कार्ड छापून भाऊबंदांना द्यायची पद्धत आहे.

एकट्या बाईला तीन कॉम्प्युटर कशाला, असं कुणी विचारलं की अक्का सांगायची, एक छापायला बसला की दहा-पंधरा मिनिटं त्याला दुसरं काही सुचत नाही, म्हणून. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. पत्रिका करायला माणसं घरदार घेऊन येत. नवऱ्या मुलाचा बाप, काका, आत्या, एखादी म्हातारी. सगळे पडद्यासमोर स्टुलांवर बसत आणि आपापलं नाव उमटताना बघत. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, त्यावर तिथंच वाद होत आणि तिथंच मिटत. अशा घरच्या लोकांना त्याच पडद्यावर आदल्या घटकेला मयताचं कार्ड होतं हे कळलं असतं तर ते उठून गेले असते. म्हणून अक्कानं पहिल्यापासून नेमून टाकलं होतं. आतल्या बाजूचे दोन कॉम्प्युटर शुभकार्याचे आणि दाराजवळचा तिसरा गंधमुक्तीचा. सुतक असलेल्या माणसाला दाराशी बसणं बरं वाटे. त्याला कुणाच्या जवळून जावं लागत नसे.

हे सगळं दोन मुलींच्या हातांवर चाललं होतं. त्या दोघी आतले कॉम्प्युटर सांभाळत आणि अक्का दाराजवळचा. मग एकीचं लग्न झालं, दुसरी घरच्यांबरोबर सुरतेला गेली. नव्या मुली यायच्या, शिकायच्या आणि जायच्या. त्याच सुमारास अक्काच्या गुडघ्यांना आणि घोट्यांना संधिवातानं धरलं. हात शाबूत होते. टाईप करताना तिची बोटं अजिबात थकत नसत. पण एका टेबलावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसायचं म्हणजे भिंत धरावी लागे. खोली काही मोठी नव्हती, पण तिला ती मोठी झाली होती.

नानांना हे बघवेना. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सवय सगळं मार्गी लावायची. एका रविवारी पिंप्राळ्याला येऊन त्यांनी सांगून टाकलं.

"अक्का, दुकान आवर. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. हवेशीर आहे. तुझ्या वहिनीलाही सोबत होईल."

"आणि मी तिथं करू काय?"

"काय करायचंय? आराम कर. पुस्तकं वाच. हा नाही का वाचत बसत?" म्हणजे मी.

"त्याला वाचायचे पैसे देतात, नाना."

नाना हसले नाहीत. "आखाजीपर्यंत बघ. आखाजीला मी न्यायला येतो तुला. या वेळी सामान घेऊनच जाऊ."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला लेकी-बहिणी माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ जातो. नानांच्या मनात माया होती. अक्कालाही ते कळत होतं, म्हणूनच तिला सरळ नाही म्हणता येईना. नाना गेल्यावर ती मला म्हणाली, "भाऊ, मला इथून हलायचं नाही. या खुर्चीतून न उठता तिन्हीवर काम करता येईल असं काही आहे का रे? तू शिकलेला आहेस ना?"

मी धुळ्याला कॉलेजात मराठी शिकवत होतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध म्हणजे परीक्षेचे पेपर अक्काकडून जुळवून घेणं एवढाच. पण विचारलं, शोधलं. जळगावातच एका दुकानात तशी वस्तू मिळाली. पत्र्याची, जाड पुस्तकाएवढी पेटी. पुढच्या बाजूला एकपासून चारपर्यंत आकडे आणि एक फिरवायचं बटण. मागे भोकंच भोकं. एक पडदा, एक कीबोर्ड, एक माऊस या पेटीला जोडायचा, आणि पेटीपासून प्रत्येक कॉम्प्युटरला वायरी न्यायच्या. बटण दोनवर फिरवलं की दोन नंबरचा कॉम्प्युटर आपल्या हातात. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं ते बटण दिसे, म्हणून अक्का त्याला रेग्युलेटरच म्हणू लागली आणि पुढे गिऱ्हाइकंही.

पेटीबरोबर एक घडीचं पत्रक होतं, बारीक इंग्रजीत. ते मी शब्दकोश घेऊन वाचलं, जसं एखादं जुनं काव्य वाचावं तसं. शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की एस.टी. धरायची, पारोळा, एरंडोल करत जळगाव, आणि रविवारचा दिवस टेबलाखाली. कीबोर्डच्या गोल पिना, माऊसच्या चपट्या, पडद्याच्या तीन रांगांच्या. त्या एकमेकींत जात नाहीत ही त्या बनवणाऱ्याची कृपा. अक्का वरून विचारायची, "आहेस का?" मी म्हणायचो, "आहे."

पहिला आणि तिसरा कॉम्प्युटर लगेच ऐकू लागले. दुसऱ्यावर माऊस हलेना. बटण फिरवा, वायर काढा, लावा, काही नाही. पुढच्या रविवारी लक्षात आलं. त्या कॉम्प्युटरला मागे माऊससाठी दोन जागा होत्या आणि माऊस दुसऱ्या जागी आहे असं त्याच्या सुरुवातीच्या फाईलमध्ये कुणीतरी लिहून ठेवलं होतं. आम्ही वायर पहिल्या जागी लावली होती. मी फाईलमधला एक आकडा बदलला आणि पडद्यावरचा बाण हलला. मला इतका आनंद झाला की अक्कानं चहा दुसऱ्यांदा ठेवला.

आणखी एक गंमत होती. लाईट जाऊन परत आली की तिन्ही कॉम्प्युटर एकदम उठत, पण बटण ज्याच्यावर असे त्यालाच कीबोर्ड सापडे. बाकीचे दोघे किंचाळून थांबत. पडद्यावर लिहून येई, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं एफ-वन दाबा.

अक्का तो मजकूर वाचून म्हणाली, "हा म्हणतोय मला ऐकू येत नाही, आणि वर म्हणतोय जरा मोठ्यानं बोल."

त्यावर उपाय एकच. लाईट गेली की तिन्हींची बटणं बंद करायची, आणि आली की रेग्युलेटर एकावर ठेवून पहिला सुरू करायचा, तो नीट उठला की दोनवर, मग तीनवर. मी तिन्हींची बटणं एका लाकडी पट्टीवर आणून अक्काच्या हाताशी ठेवली. पंगतीत वाढल्यासारखं ती ते करायची, क्रमानं, कुणाला न चुकवता.

सगळं जमलं. दोन जादा पडदे चादरीत बांधून आम्ही माळ्यावर टाकले. खोली मोकळी दिसू लागली. अक्का फिरत्या खुर्चीत, समोर एक पडदा, उजव्या हाताला रेग्युलेटर. मला वाटलं, झालं काम.

त्याच आठवड्यात एरंडोलकडच्या एका खेड्यातली मंडळी लग्नाची पत्रिका करायला आली. मीही तेव्हा सुट्टीमुळे तिथंच होतो. त्यांची पत्रिका जुळून झाली. बाकीचे चहाला बाहेर गेले, म्हातारी आणि तिचा नातू पडद्यासमोर नावं तपासत बसले. अक्काला वाटलं, तेवढ्यात दाराशी बसलेल्या माणसाचं दोन ओळींचं काम उरकावं. तिनं बटण तीनवर फिरवलं.

पडद्यावरून गणपती, कलश, नवरा-नवरी सगळं नाहीसं झालं आणि त्या जागी काळी चौकट आली. मधोमध एका वारलेल्या माणसाचं नाव.

म्हातारी स्टुलावरून मागे सरकली. "ओ अक्का, हाई काय शे? आमनी पत्रिका कोठे गयी?"

"आत आहे आजी, तशीच आहे. ही बघा." अक्कानं बटण परत एकावर आणलं. गणपती आला.

पण म्हातारी आता बघायला तयार नव्हती. तिनं डोळ्यांवर पदर घेतला होता. "नको दखाडू. लगीनना घरमा हाई काय आनं तू!"

नातू शिकलेला होता. तो म्हणाला, "अक्का, तुमचं काम चांगलं आहे. मला समजतंय काय झालं ते. पण घरातल्या बायका आता ऐकायच्या नाहीत." त्यानं मजकुराचा कागद खिशात घातला आणि ती मंडळी गेली. पत्रिका त्यांनी दुसरीकडून करून घेतली.

मला राग आला होता, लोकांच्या समजुतींचा. अक्काला नव्हता आला. तिनं आधी दाराशी बसलेल्या माणसाचं काम पुरं केलं. मग म्हणाली, "त्यांचं काही चुकलं नाही. तेवढा वेळ ते त्यांचं घर होतं. मी त्यांच्या घरात मयत आणलं."

पडदा काम करणाऱ्याचा असतो, असं मी धरून चाललो होतो. पत्रकातही तसंच होतं. अक्काच्या खोलीत तो गिऱ्हाइकाचा होता.

ही बातमी कुणाकडून तरी धुळ्याला पोहोचली. नाना मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आता लोकांनाही अडचण व्हायला लागली. तिला म्हणावं, आखाजीची वाट कशाला बघतेस?" पण शनिवारी गेलो तर अक्कानं शेजारच्या मुलाकडून माळ्यावरचे पडदे खाली काढून घेतले होते.

"पडदे ज्याचे त्याला देऊन टाकू," ती म्हणाली. "तिघांचे तीन. मला फक्त कीबोर्ड आणि माऊस तेवढा फिरता ठेव."

"पत्रकात तसं दिलेलं नाही."

"करू नका असं दिलंय?"

"नाही."

"मग शीर टेबलाखाली."

पेटीच्या मागच्या, पडद्यांच्या सगळ्या वायरी मी काढून टाकल्या. तिन्ही पडदे आपापल्या कॉम्प्युटरला लावले. तीन टेबलं अक्काच्या खुर्चीभोवती नालाच्या आकारात मांडली, दोन आत आणि एक दाराकडे तोंड केलेलं. ती खुर्चीत वळली की हवा तो पडदा दिसे. मांडीवरच्या पाटावर कीबोर्ड. आता बटण फिरवलं तरी कुणाचा पडदा हलत नव्हता. एकीकडे आत्याबाई नावं तपासत असताना अक्का दुसरीकडे टाईप करत असायची, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसायचा. पेटीचं निम्मं काम आम्ही काढून टाकलं तेव्हा कुठे ती उपयोगाची झाली.

आखाजीच्या आधीच्या शनिवारी नाना माझ्याबरोबर जळगावला आले. कपाटं किती, सामान किती, टेम्पो लागेल का, ते बघायला. लग्नसराईचे दिवस होते. पहिल्या पडद्यापुढे असोद्याची मंडळी होती, केळीवाली, मोठं खटलं. त्यात एक मावशी, आवाजाच्या खणखणीत. दुसऱ्या कॉम्प्युटरवर छपाई चालू होती, समोरची मंडळी बाजारात गेली होती. दाराशी एक दाढी वाढलेला, खांद्यावर पंचा टाकलेला माणूस एकटाच बसला होता. त्याचे वडील वारले होते.

नाना भिंतीला टेकून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

अक्का खिळ्यांच्या काळातली. तिची नजर कागदावर असायची, पडद्यावर नाही. दाराजवळच्या माणसाची एक तारीख दुरुस्त करून ती खुर्चीत वळली आणि असोद्याचा कागद उचलून टाईप करायला लागली. रेग्युलेटर फिरवायचा राहिला.

ती पत्रिकेची शेवटची ओळ होती. घरातल्या लहान मुलांच्या नावानं घालतात ती.

"अक्का," दाराकडचा माणूस हळूच म्हणाला. "आमच्या खाली लग्न येतंय."

अक्काचे हात थांबले. तिसऱ्या पडद्यावर काळ्या चौकटीत, 'शोकाकुल' या शब्दाच्या बरोबर खाली उमटलं होतं, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं.

असोद्याच्या मावशींनी मान लांब केली. "म्हणजे? आमचं तिकडं गेलं?" मग त्यांना चौकट दिसली आणि आवाज एकदम उतरला. "अगं बाई."

छपाईची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. नाना भिंतीपासून सरळ झाले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. बस झालं, असंच ते आता म्हणणार होते. अक्कानंही नानांकडे बघितलं. तिला तसं बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खिळ्यांपासून इथपर्यंत तिनं जे जुळवत आणलं होतं ते सगळं त्या एका ओळीपाशी येऊन अडलं होतं.

तेवढ्यात तो दाढीवाला माणूस म्हणाला, "मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आमचे आबा लग्न म्हटलं की आधी तयार. बोलावणं नसलं तरी जायचे. आता तर बोलावणंच आलं."

मावशींनी त्याच्याकडे बघितलं. "किती वयाचे होते?"

"पिकलं पान होतं. नातवंडं-पतवंडं बघून गेले."

"मग बसवू त्यांना पहिल्या पंगतीत."

"बसवा. पण बुंदी वाढा. जिलबीला हात लावायचे नाहीत."

"का? दात नव्हते?"

"दात होते. एका लग्नात जिलबी कमी पडली, तो राग होता."

मावशी आधी तोंडावर पदर धरून हसल्या, मग पदर सोडून. त्यांची मंडळी हसली. तो माणूसही हसला आणि हसता हसता त्यानं पंच्यानं डोळे पुसले. वडील गेल्यापासून तो बहुधा पहिल्यांदाच हसला असावा. अक्कानं ती ओळ पुसली, चारदा चौकटीत नजर फिरवून काही राहिलं नाही ना ते पाहिलं, आणि म्हणाली, "माफ करा हो. माझी नजर कागदावर असते."

"मग ती तिथंच ठेवा ना," तो म्हणाला. "तुम्ही कागद बघा, पडदा आम्ही बघतो. आमच्याकडे काही यायला लागलं की सांगतो."

एवढं साधं होतं ते. माणसं पडद्यापुढे बसलेलीच होती, डोळे लावून. त्यांच्यापेक्षा चांगला पहारा कुठून मिळणार होता? मी मनात पेटीवर छोटे दिवे बसवायचा विचार करत होतो, बटण कुठे आहे ते कळावं म्हणून. ते दिवे कधीच बसवावे लागले नाहीत.

मावशींनी लगेच कारभार हातात घेतला. आपल्या पडद्यापुढे एका पुतणीला बसवलं. मग त्यांची नजर दुसऱ्या पडद्याकडे गेली. तिथं कुणी नव्हतं.

"अहो दादा, तुम्ही! उभे काय राहिलात पाहुण्यासारखे? बसा त्या दोन नंबरवर. डोळे चांगले आहेत ना?"

नानांना आयुष्यात कुणी असं सांगितलं नसेल. ते बसले. चष्मा काढून पुसला, परत लावला. आधी ते नुसतेच बसले होते, मग पुढे झुकले. थोड्या वेळानं त्यांचा कालव्यावर हाका मारायचा आवाज खोलीत घुमला, "अक्का, थांब! इकडं येतंय!"

"आलं का? पुसते."

"पुस. हं. आता जा एकावर."

संध्याकाळी मधे लाईट गेली. अक्कानं पट्टीवरची बटणं पाडली. आली तसे एक, दोन, तीन उठवले. नाना बघत होते. दोन नंबर उठला तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून मान हलवली, जणू तो त्यांनीच उठवला होता. जाताना असोद्याच्या मावशींनी त्या दाढीवाल्या माणसाच्या हातावर एक केळं ठेवलं, मग सुतक आठवून क्षणभर थबकल्या, आणि म्हणाल्या, "खा. आबांच्या नावानं."

कपाटं मोजायची राहिली. शेवटची एस.टी. चुकेल म्हणून आम्ही निघालो. एरंडोल मागे पडेपर्यंत नाना खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या रेग्युलेटरवर चार आकडे आहेत ना?"

"हो."

"चौथा रिकामा का ठेवलाय?"

मी म्हटलं, कॉम्प्युटर तीनच आहेत. "हं," ते म्हणाले आणि परत खिडकीबाहेर बघू लागले.

आखाजीच्या आदल्या दिवशी नाना कबूल केल्याप्रमाणे तिला आणायला गेले. टेम्पो नेला नाही. अक्का एक पिशवी घेऊन आली. वहिनींनी सांजोऱ्या केल्या होत्या, आमरस होता, आणि अंगणातल्या झोक्यावर गल्लीतल्या माहेरवाशिणी दिवसभर गात होत्या. अक्का ओट्यावर पाय पसरून बसली होती आणि ज्यांच्या पत्रिका तिनं जुळवल्या त्या मुली एकेक करून येऊन तिला भेटत होत्या. मागची खोली झाडून-पुसून ठेवली होती. ती तिथं छान झोपली, वहिनींशी गप्पा मारल्या, माझ्याकडची दोन पुस्तकं वाचून काढली. नानांनी दुकानाचा विषय काढला नाही. तिनंही काढला नाही.

सण झाल्यावर एका सकाळी तिनं पिशवी भरून दाराशी आणून ठेवली.

नाना पेपर वाचत होते. पेपरातून मान न काढता म्हणाले, "निघालीस?"

"दुपारी तिघांची कामं द्यायचीत. पोचवता ना?"

"माहेरवाशिणीला सोडायलाही भावानंच जायचं असतं वाटतं?"

"आमच्याकडे तसंच आहे."

नानांनी पेपराची घडी केली, चप्पल पायात सरकवली आणि पिशवी उचलली. मीही स्टँडपर्यंत गेलो. जळगावच्या गाडीत तिला पुढची जागा मिळाली. नाना तिच्या मागे बसले होते, मांडीवर पिशवी घेऊन, आणि गाडी सुटायच्या आधी मी खिडकीशी ऐकलं ते एवढंच, "आज मला दोन नंबर नको. दाराजवळचा दे. तिथं माणसं बरी येतात."